ऋणात राहणे पसंत

सत्कार कुणाचाही असो, सगळ्यात शेवटी एक गृहस्थ उभे राहतात. तोवर बटाटेवडे निवालेले असतात आणि मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधू लागलेली असतात. मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून झाले, की हे गृहस्थ आवाज एक पट्टी खाली आणतात आणि म्हणतात, "राहता राहिले साहेब. पण साहेबांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही. त्यांच्या ऋणात राहणंच मी पसंत करतो!" टाळ्या पडतात. बावीस वर्षं बँकेत काढलेल्या अस्मादिकांना मात्र हे वाक्य ऐकलं, की खणातून नोटिशीचा कागद काढावासा वाटतो. ऋणात राहणं पसंत करणाऱ्या माणसाला आमच्याकडे थकबाकीदार म्हणतात.

आभार ही वस्तू आपण मराठी माणसं व्यासपीठापुरती राखून ठेवतो. घरात तिचा वापर नाही. गरम पोळी पानात पडल्यावर आईला "मी आपला आभारी आहे" म्हणून पाहा. ती कपाळाला हात लावून ताप बघेल. बायकोला म्हणालात, तर ती ताप न बघता सरळ विचारेल, "काय लपवताय?"

अमेरिकेत मात्र एका अख्ख्या राष्ट्रानं आभारप्रदर्शनाला सार्वजनिक सुट्टी दिलेली आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. या सणाला थँक्सगिव्हिंग म्हणतात. दिवाळीला आपली माणसं जशी एस.टी.ला लोंबकळून गावाकडं निघतात, तशी त्या आठवड्यात तिकडची माणसं विमानांतून आणि मोटारींतून आईबापांच्या घरी निघतात. २०२३ साली आईला न्यू जर्सीला ताईकडे न्यायचं होतं. तिला एकटीला विमानात कसं बसवायचं, म्हणून सोबतीला मी गेलो, आणि नेमका या सणात सापडलो. कॉमर्सच्या माणसाला इतिहासात सोडला, तरी तो पहिला प्रश्न विचारतो तो एकच : व्हाउचर कुठाय?

व्हाउचर आहे. ते म्हणजे एडवर्ड विन्स्लो नावाच्या इंग्रज गृहस्थानं ११ डिसेंबर १६२१ रोजी लिहिलेलं पत्र. हा गृहस्थ 'मेफ्लॉवर' जहाजातून आदल्या वर्षी अमेरिकेला आलेल्या पिलग्रिम मंडळींपैकी. जहाजात उतारू होते १०२. पहिल्या हिवाळ्यातच त्यांतले निम्मे थंडीनं आणि आजारानं गेले. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी मका पिकवला. पीक हाताशी आलं तेव्हा गव्हर्नरनं चार माणसं पक्षी मारायला पाठवली. त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले. मॅसासॉइट हा वाम्पानोआग लोकांचा प्रमुख आपली नव्वद माणसं घेऊन आला. त्यांनी पाच हरणं मारून आणली, आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. बस्स. एक छोटासा परिच्छेद. त्यात तारीख नाही, आणि 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही. या कर्मठ मंडळींच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे देवळात बसून प्रार्थना करायचा दिवस. जेवणावळीला ते आभार म्हणत नसत.

टर्कीची गंमत आणखी वेगळी. पत्रात फक्त 'पक्षी' आहेत. त्या भागात रानटर्की पुष्कळ होती हे खरं, पण त्या पंक्तीला ती होती असा पुरावा नाही. बटाटे नव्हते. साखर संपत आलेली, गव्हाचं पीठ नाही, म्हणजे भोपळ्याचा पायही नाही. आज अमेरिकन घरात ज्या जेवणाला 'परंपरा' म्हणतात, त्यातलं निम्म्याहून अधिक त्या दिवशी पानात नव्हतं. मला तर वेगळीच काळजी वाटली. त्या वसाहतीत हिवाळ्यातून वाचलेल्या मोठ्या बायका होत्या चार-पाच. दीडशेच्या घरात पान, तेही तीन दिवस! त्यांचे कुणी आभार मानल्याची नोंद विन्स्लोनं केलेली नाही.

आता जमाखर्चाकडे येऊ. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं, की घेणाऱ्याचं खातं नावे आणि देणाऱ्याचं खातं जमा. पिलग्रिमांच्या वहीत नावेची बाजू मोठी आहे. १६२० च्या नोव्हेंबरात ते किनाऱ्यावर हिंडत असताना त्यांना जमिनीत पुरून ठेवलेल्या मक्याच्या टोपल्या सापडल्या. मालक जागेवर नव्हता. त्यांनी मका उचलला आणि पुढं परत करायचं ठरवलं. सावकाराच्या गैरहजेरीत घेतलेलं कर्ज म्हणायचं हे! पण सहाएक महिन्यांनी त्याची भरपाई केल्याचं त्यांचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड यानं लिहून ठेवलं आहे, तेव्हा ते खातं आपण बंद करू.

लंडनच्या ज्या व्यापाऱ्यांनी या सफरीला भांडवल पुरवलं होतं, त्यांचं खातं मात्र बंद व्हायला १६४८ साल उजाडलं. मेजवानीनंतर लगेच, १६२१ च्या नोव्हेंबरात, 'फॉर्च्युन' नावाचं जहाज आलं. त्यातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पत्रात तक्रार होती, की मेफ्लॉवर रिकामं का परत पाठवलंत? इथं निम्मी माणसं पुरून झालेली, आणि तिकडून स्मरणपत्र! (बँक कुठलीही असो, आणि शतक कुठलंही असो, पत्राची भाषा बदलत नाही.) बिचाऱ्यांनी फॉर्च्युनमध्ये लाकूड आणि बीव्हरची कातडी भरून दिली, तर ते जहाज वाटेत फ्रेंचांनी लुटलं. हप्ता गेला, मुद्दल तसंच.

पण सगळ्यात मोठं देणं होतं ते टिस्क्वांटमचं. मका कसा लावायचा, खताला मासे कसे घालायचे, हे या मंडळींना त्यानं शिकवलं. त्याला इंग्रजी येत होतं, आणि ते का येत होतं ते ऐकण्यासारखं आहे. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला फसवून पकडलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला, आणि पाच वर्षांनी, १६१९ साली, गावी परतला. गाव नव्हतं. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या साथीनं पटक्सेट हे त्याचं अख्खं गाव मेलं होतं. पिलग्रिमांनी आपलं प्लिमथ वसवलं ते त्याच रिकाम्या गावाच्या जागेवर. म्हणजे हा माणूस आपल्याच गावात, आपल्याच शेतात, परक्यांना पेरणी शिकवत उभा होता. या ठिकाणी मी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

ऋणात राहणं पिलग्रिमांच्या पुढच्या पिढीनंही पसंत केलं, पण आमच्या बँकेच्या अर्थानं. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याच्याशी १६७५ मध्ये युद्ध जुंपलं. तो १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं. ते पुढं कित्येक वर्षं तिथंच होतं. बाप पाच हरणं घेऊन जिथं जेवायला आला होता, तेच हे गाव.

मग सण आला कुठून? तळटिपेतून! १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचं पत्र छापलं आणि त्या परिच्छेदाखाली टीप दिली, की हीच पहिली थँक्सगिव्हिंग. तळटिपा कुणी वाचत नाही असं आम्हाला वाटत होतं. इथं एका टिपेवर अख्खं राष्ट्र जेवतंय. सुट्टी मात्र मिळवून दिली ती सारा जोसेफा हेल या बाईंनी. पाच मुलं पदरात असलेली ही विधवा. मेरी आणि तिच्या कोकराचं इंग्रजी बडबडगीत यांचंच. बायकांच्या एका मासिकाच्या त्या संपादिका होत्या. आभाराचा दिवस साऱ्या देशात एकच असावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, राज्यांच्या गव्हर्नरांना लिहिलं, राष्ट्राध्यक्षांना लिहिलं. एक राष्ट्राध्यक्ष गेला, की दुसऱ्याला. अखेर सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांनी लिंकनना पत्र धाडलं, आणि ३ ऑक्टोबरला घोषणा निघाली. देशात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झालेले. अशा वेळी लिंकननी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराला दिला. त्या घोषणेत पिलग्रिमांचं नावही नाही. एका अर्जाचा इतकी वर्षं पाठपुरावा करणाऱ्या या बाई आमच्या काउंटरला आल्या असत्या, तर मॅनेजर मागच्या दारानं गेले असते.

पुढचा घोळ रूझवेल्टनी घातला. १९३९ च्या नोव्हेंबरात गुरुवार आले पाच. शेवटचा होता ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी दुकानदारांची ओरड झाली, म्हणून रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. साधारण निम्म्या राज्यांनी मानलं, बाकीच्यांनी नाही, आणि काहींनी दोन्ही दिवस सुट्टी घेतली. कॅलेंडरं छापून बसलेल्यांनी कपाळ बडवलं. विरोधकांनी या सणाला 'फ्रँक्सगिव्हिंग' नाव दिलं. आपल्याकडे स्मार्त एकादशी एक दिवस आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी येते, आणि आपण दोन्ही पंचांगांचा मान राखतो. अमेरिकनांना ही सवय नाही. १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून त्यांनी चौथा गुरुवार पक्का केला.

टर्कीबद्दल एक सांगायचं राहिलंच. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात, आणि आपण पेरूला मीठ लावून खातो. प्लिमथच्या मेजवानीच्या नऊ वर्षं आधी, १६१२ मध्ये, मुकर्रब खानानं गोव्याहून हा पक्षी आणून जहांगीर बादशहाला नजर केला. बादशहानं त्याच्या रंग बदलणाऱ्या डोक्याचं कौतुक रोजनिशीत लिहून ठेवलं आणि चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. मुघलांनी टर्कीला पोर्ट्रेटसाठी बसवलं, अमेरिकनांनी भट्टीत बसवलं. (१९८९ पासून राष्ट्राध्यक्ष दरवर्षी एखाद्या टर्कीला जाहीर माफी देतात. तिचा गुन्हा काय, ते विचारायचं नाही.)

ताईच्या घरी त्या वर्षी टर्कीला माफी आईमुळं मिळाली. २३ नोव्हेंबर २०२३, चौथा गुरुवार, आणि नेमकी कार्तिकी एकादशी! ताईनं सगळा शाकाहारी बेत केला. ब्रेडचं सारण, वाटाणे, पाव, लोणी आणि दालचिनी घातलेलं सफरचंदाचं काहीतरी. आईच्या पानात साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू.

भाची कॉलेजात शिकते. तिनं आजीच्या पानाकडे पाहिलं आणि हसत सुटली. "आजी, तुझं ताट सगळ्यात अमेरिकन आहे!" मग तिनं बोटं मोडून दाखवलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा, रताळं, मिरची, राजगिरा, सगळं याच खंडातलं. "आणि आमचा गहू, वाटाणे, लोणी, सफरचंद, हे सगळं बाहेरून आलेलं." तूप तेवढं आपलं निघालं. विठोबाच्या नावानं इतकी वर्षं आई जे खात आली, ते कोलंबसाच्या आधी पंढरपुरात कुणी पाहिलंही नव्हतं!

जेवणाआधी प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं, अशी तिथली रीत. भाच्यानं फुटबॉलच्या संघाचे आभार मानले. भावोजींचं घराचं कर्ज पुढच्या वर्षी फिटणार होतं, म्हणून त्यांनी बँकेचे मानले. बँकेचे आभार मानणारा माणूस मी बावीस वर्षांत प्रथमच पाहिला. मग ताईची पाळी. ती म्हणाली, "मी इथं शिकायला आले तेव्हा आईनं पाटल्या गहाण टाकल्या होत्या. त्या सोडवता आल्या नाहीत. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. थँक यू, आई."

आमच्या घरात त्या पाटल्यांचं नाव सत्तावीस वर्षांत निघालेलं नव्हतं. आई एकदम चिडली. "आभार कसले मानतेस गं? मी काय सत्काराला आले आहे?" आणि बराच वेळ रताळ्याचा एकच तुकडा वाटीत फिरवत राहिली.

शेवटी तिची पाळी आली. ती भाचीला म्हणाली, "हे दाणे नि बटाटे ज्यांनी पहिल्यांदा लावले, ती माणसं आहेत का गं अजून?"

"आहेत, आजी. हे पिकवणारे पार दक्षिणेकडचे. पण इथले मक्याचे वाम्पानोआगही आहेत. १९७० मध्ये त्यांच्यातल्या एकाला भाषणाला बोलावलं होतं. त्यानं खरं काय ते लिहिलं, तर बदल म्हणाले. तो बदलेना. तेव्हापासून आजच्या दिवशी ते प्लिमथला जमून शोक पाळतात. बरेच जण उपासही करतात."

"उपास? आजच?" आईनं चमचा खाली ठेवला. "मग त्यांचं आधी होऊ दे."

"दुपारी सोडतात ते. आता चार वाजले, आजी. झालं असेल."

तेव्हा तिनं पानाला हात लावला, आणि जेवण झाल्यावर नेहमीसारखं, पण जरा मोठ्यानं, म्हणाली, "अन्नदाता सुखी भव."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. उपास सोडायला ताईनं अंडं न घालता केलेला भोपळ्याचा पाय तिच्यापुढं ठेवला. आईनं एक घास खाल्ला, बशी फिरवून चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "घारग्याचंच पीठ आहे की गं हे. तळायचं राहिलं का?"