भंडाऱ्याची लाखोळी आणि सत्तेचाळीस वर्षांची बंदी

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील बांध्यांत धान अजून उभे असते. लोंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, पण पायाखालची माती पुरती वाळलेली नसते. कापणीला दहा-पंधरा दिवस उरले असताना शेतकरी त्या उभ्या पिकातच नवे बियाणे फेकतो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेले की धसकटांमधून हिरवे वेल वर आलेले दिसतात आणि पुढे थंडीत त्याच बांध्या निळ्या फुलांनी भरून जातात. या पेरणीला ‘उतेरा’ म्हणतात आणि या पिकाला लाखोळी. झाडीपट्टीच्या बोलीत तीच लाखोरी, हिंदी मुलखात खेसारी किंवा तिवडा.

वर्षानुवर्षे ही पूर्व विदर्भातील सर्वांत स्वस्त डाळींपैकी एक राहिली. स्वस्त वस्तू कमअस्सल असते, या समजुतीला लाखोळी छेद देते. तुरीच्या डाळीत प्रथिनांचे प्रमाण सुमारे २२ टक्के असते. लाखोळीत ते सुमारे २८ टक्के. पाऊस लवकर गेला तरी ती तगते, पाणी साचले तरी सहसा मरत नाही, आणि हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवून पुढच्या धानासाठी जमीन सुधारून जाते. कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, मळणीनंतरचे कुटार गुरे आवडीने खातात. इतक्या कमी खर्चात इतके देणारे दुसरे पीक या जिल्ह्यात शोधू गेल्यास सापडणे कठीण. तरीही १९६१ पासून २००८ पर्यंत महाराष्ट्रात ही डाळ विकणे हा गुन्हा होता.

त्याचे कारण खोटे नव्हते. लाखोळी माणसाला पांगळे करू शकते.

हे ज्ञान आधुनिक प्रयोगशाळेतून आलेले नाही. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाचा विकार वर्णिलेला आहे: चालू लागताच रोग्याचे शरीर कापते, तो लंगडतो, सांधे सैल पडल्यासारखे होतात. कलाय हे एका कडधान्याचे नाव, खंज म्हणजे लंगडा; धान्य आणि पांगळेपण यांचे नाते रोगाच्या नावातच बांधलेले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘त्रिपुट’ या धान्याने लंगडेपणा व पंगुत्व येते असा स्पष्ट इशारा आहे. दुसरीकडे, नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात इतर कडधान्यांबरोबर लाखोळीचे जळके दाणे मिळाले आहेत. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षे मध्य भारतातील माणूस हे धान्य पिकवतो आहे, आणि त्याचा धोकाही निदान दीड-दोन हजार वर्षे जाणतो आहे. धोका ठाऊक असूनही त्याने ते सोडले नाही. यामागे अडाणीपणा होता की नाइलाज?

या प्रश्नाचे उत्तर सागर जिल्ह्यातील एका गावाच्या हकीकतीत मिळते. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याची ख्याती झाली, त्या विल्यम स्लीमनने ती १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला. १८३० मध्ये पाऊस अपुरा पडला. १८३१ मध्ये पिकावर रोग आला. या तिन्ही वर्षांत एकच पीक बिनधोक वाढत राहिले, ते म्हणजे गव्हाच्या शेतात आपसूक उगवणारा तिवडा. लोकांनी तेच खाल्ले, कारण खायला दुसरे काही उरलेच नव्हते. १८३३ पासून गावातील माणसांचे, विशेषतः तिशीच्या आतील तरुणांचे, कमरेखालचे बळ जाऊ लागले. ताप नाही, वेदना फारशी नाही. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो तो पाय लटपटतात.

हा विकार मारत नाही आणि बुद्धीला धक्का लावत नाही. मज्जारज्जूतील ज्या पेशींद्वारे मेंदू पायांना हुकूम देतो, त्या कायमच्या निकामी होतात. स्नायू ताठरतात, गुडघे एकमेकांवर आदळतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. मग एक काठी, पुढे दोन काठ्या, आणि अखेर हातांवर सरपटणे. गेलेले बळ परत येत नाही. १८७३ मध्ये नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानी या वैद्याने वनस्पतीच्या ‘लॅथिरस’ या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले.

युरोपलाही हे धान्य अपरिचित नव्हते. १६७१ मध्ये जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने पावात त्याचे पीठ मिसळण्यास मनाई केली होती. १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदचे लोक याच पिठाची लापशी पिऊन जगले, आणि फ्रान्सिस्को गोयाने आपल्या युद्धविषयक चित्रमालिकेतील एका चित्राला या धान्याचे आभार मानणारे शीर्षक दिले. चित्रात लापशीभोवती गर्दी आहे आणि पुढे जमिनीवर एक स्त्री आडवी पडलेली आहे. आभार आणि पांगळेपण एकाच चौकटीत. लाखोळीबद्दल इतके नेमके विधान नंतरच्या अहवालांतूनही क्वचितच आढळते.

भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, तेथे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. त्यानंतर अँड्र्यू बुकानन या लष्करी डॉक्टरने प्रांतातील लॅथिरिझमचा अहवाल तयार केला. तो १९०४ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. त्यात हजारो पांगळ्यांची मोजदाद आहे. पुढे १९०७ मध्ये रीवा संस्थानच्या महाराजांनी या धान्यावर बंदी घातली. ती फारशी टिकली नाही, आणि न टिकण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. रीवा भागात वेठबिगार मजुराला मजुरी धान्यात मिळे, आणि मालकाला सर्वांत स्वस्त पडणारे धान्य होते खेसारी. मजूर ते निवडत नव्हता. त्याच्या पदरात ते टाकले जात होते. सकाळ-संध्याकाळ त्याचीच भाकर, महिनोन्‌महिने.

लॅथिरिझमचा इतिहास चाळताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रोग धान्यात असतो हे खरे, पण तो अंगात शिरतो तो ताटात दुसरे काहीच नसते तेव्हा. याचा सर्वांत क्रूर पुरावा दुसऱ्या महायुद्धातील आहे. रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्न्यार्का येथील छळछावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना रोज हेच धान्य खाऊ घातले गेले. काही आठवड्यांतच शेकडो कैदी लंगडू लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, आणि उपाशी असलेल्या कैद्यांनी ते अन्न नाकारले.

विषाचे नाव मात्र अजून कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी शोधले: ‘ओडॅप’ या संक्षेपाने ओळखले जाणारे एक अमिनो आम्ल. त्यानंतरच्या संशोधनातून घराघरांतील जुन्या रीतींचा अर्थ लागला. हे आम्ल पाण्यात विरघळते. म्हणून डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की विषाचा मोठा भाग निघून जातो. तांदूळ, गहू आणि मासळी यांत जी गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात, त्यांची शरीरात कमतरता असेल तर धोका वाढतो. सर्वसाधारणपणे आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग तीन-चार महिने केवळ लाखोळीचा असेल, तेव्हा पांगळेपणाची भीती निर्माण होते.

आता भंडाऱ्याचे नेहमीचे ताट आठवावे. मध्यभागी भात, त्यावर डाळ, सोबत एखादी पालेभाजी, आणि गोंडराजांच्या व कोहळी समाजाच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या, पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांतील ढिवरांनी धरलेली मासोळी. या ताटात लाखोळी भाताची जागा घेत नव्हती. भाताला जोड देत होती. सागरच्या दुष्काळग्रस्ताचे आणि रीवाच्या बिगाऱ्याचे ताट आणि हे ताट यांत धान्य तेच असले तरी अन्न वेगळे होते.

कायद्याने हा फरक केला नाही. १९६१ मध्ये केंद्राच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हे कलम आले: राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून खेसारी, तिची डाळ, पीठ आणि तिचे मिश्रण विकता येणार नाही. विष सापडण्यास अद्याप तीन वर्षे होती. नियमामागे दोन भीती होत्या, एक रोगाची आणि दुसरी भेसळीची. लाखोळीची डाळ सोलल्यावर तुरीसारखी पिवळी दिसते, दळल्यावर बेसनात सहज मिसळते, आणि दोहोंपेक्षा स्वस्त असते. शहरातील ग्राहकाला तुरीच्या भावात लाखोळी विकणारा व्यापारी खराच होता. त्याचा बंदोबस्त करणे आवश्यकही होते. पण त्याच्याबरोबर लाखोळीला लाखोळी म्हणूनच विकणारा शेतकरीही गुन्हेगार ठरला.

येथे इतिहासाने भंडाऱ्याशी एक चमत्कारिक खेळ केला. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्राने बंदी लागू केली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी केली नाही. तुमसर तालुक्याच्या उत्तरेला बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो. तेच पीक, तीच पेरणी, पुष्कळदा तीच सोयरीक. पण नदीच्या एका काठावर जी डाळ उघड्या बाजारात मांडता येत होती, ती दुसऱ्या काठावर निषिद्ध होती. सीमा थोडी दक्षिणेला आखली जाती, तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. म्हणून भंडाऱ्यात लाखोळी पिकत राहिली. धान कापल्यावर भारी जमीन झपाट्याने आवळते, भेगाळते, नांगराला दाद देत नाही. तेथे दुसरे काही पेरायचे तर पाणी हवे आणि पैसा हवा. दोन्ही नसलेल्याला लाखोळीवाचून गत्यंतर नव्हते. मात्र जो माल उघडपणे विकता येत नाही, त्याचा भाव मागण्याची सोय शेतकऱ्याला नसते. तो माल ज्याच्या हाती पडतो तो भाव ठरवतो, आणि पुढे तो कोणत्या डाळीत मिसळायचा हेही तोच ठरवतो. भेसळ रोखण्यासाठी केलेल्या नियमाने स्वस्त डाळीला भेसळीखेरीज फारशी वाट ठेवली नाही.

या बंदीविरुद्ध सर्वांत दीर्घकाळ लढले ते नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी. ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ या संस्थेच्या वतीने त्यांनी अनेक वर्षे आंदोलने केली, उपोषणे केली. गरिबाच्या ताटातील प्रथिने कायद्याने काढून घेतली आणि त्यांच्या जागी काही दिले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. लाखोळी पूर्णतः निरुपद्रवी आहे, या टोकाच्या मताशी सहमत होणे रीवाचा इतिहास वाचलेल्याला जड जाईल. तथापि, ज्यांच्या आहाराचा निर्णय होत होता त्यांना कोणी विचारले नव्हते, ही त्यांची तक्रार मात्र खोडून काढता येत नाही.

दरम्यान शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने चालले होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ हा वाण काढला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’. या वाणांत ओडॅपचे प्रमाण हजारात एक भागाहूनही कमी असते. जुन्या गावठी बियाण्यात ते कित्येक पट अधिक सापडते. २००८ मध्ये महाराष्ट्राने विक्रीवरील बंदी उठवली. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमावलीत निर्बंधाचे जुने कलम पुन्हा उतरलेच, आणि २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी वरील तीन वाणांना अनुकूलता दर्शवली.

पूर्व विदर्भातील स्वयंपाकघरांत या घडामोडींची वाट कोणी पाहत बसले नव्हते. आदल्या रात्री डाळ भिजत घालावी, सकाळी ते पाणी फेकून द्यावे, पुन्हा धुवावी, मग जाडसर वाटून त्यात लसूण, हिरवी मिरची आणि सांबार घालून वडे तळावेत. सांबार म्हणजे अर्थात कोथिंबीर. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.