टाळेबंदी आणि वृद्धांचे नैराश्य

साथीच्या रोगांच्या इतिहासात मृतांची गणना होते. बचावलेल्यांच्या मनःस्थितीची नोंद क्वचितच आढळते. कोविडच्या साथीतील एक उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. स्पेनमध्ये १४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली. सुमारे सात आठवडे प्रौढांना फेरफटक्यासही मज्जाव होता. २ मेपासून मात्र तेथील शहरांतून सत्तरीपुढील नागरिकांसाठी सकाळी १० ते १२ व सायंकाळी ७ ते ८ या वेळा फिरण्यास राखून देण्यात आल्या. उलट भारतात ४ मेपासून पासष्टीपुढील व सहव्याधी असलेल्या व्यक्तींनी अत्यावश्यक गरजा व उपचार यांखेरीज घरीच राहावे, असा केंद्र सरकारचा आदेश अमलात आला.

मधुमेही वृद्धांना या रोगाचा धोका अधिक होता. तेव्हा आदेश निष्कारण होता असे म्हणता येणार नाही. परंतु मधुमेह व नैराश्य यांचा संबंध दुहेरी आहे. खिन्न मनुष्य पथ्यपाण्यात हयगय करतो, आणि बळावलेला विकार त्याला अधिकच खचवितो. चालणे दोहोंवर गुणकारी, आणि समवयस्कांची भेट हा मनाचा आधार. रक्षणाच्या हेतूनेच हे दोन्ही हिरावले गेले. अंतर राखणे आणि कोंडून ठेवणे या भिन्न गोष्टी होत. भावी इतिहासकाराने त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे.