साखरेचा हिशेब आणि नदी

थंडीच्या दिवसांत मेरठ-मुझफ्फरनगरच्या बाजूने आगगाडीने जाऊ लागले, की खिडकीतून एक आंबूस-गोडसर दर्प आत येतो. शेजारचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात; आम्हां नगर-कोल्हापूरकडच्या मंडळींना मात्र क्षणभर गाव आठवते. ज्या वासाने घर आठवावे, तोच नदीच्या दुखण्याची खूण असावा, हे मनाला खटकते.

या दुखण्याचा इतिहास फार जुना नाही. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशातील तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेहून अधिक झाले. त्यांतील बहुतेक संयुक्त प्रांत व बिहार येथे होते. शंभर मण उसामागे सुमारे चार मण मळी निघते. तिचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मळी विषारी नव्हे. पण ती पाण्यात गेली, की तिच्यावर पोसणारे सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात.

उपाय सापडला तो मद्यार्काचा. मळी आंबवून मद्यार्क काढावा व तो पेट्रोलात मिसळावा, या हेतूने केंद्राने १९४८ मध्ये कायदाही केला. टाकाऊ वस्तू मोलाची झाली. परंतु एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी उरते, आणि प्राणवायू शोषण्याची त्याची शक्ती शहरी सांडपाण्याच्या शंभरपटींहून अधिक असते. उपाय रोगाहून दांडगा ठरला.

महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० साली झाले. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. त्या कर्तृत्वाविषयी आम्हांस आदरच आहे. पण गाळप, उतारा आणि भाव यांच्या चर्चेत नदीला जागा नव्हती. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, केंद्राचा १९७४ चा. म्हणजे जकात बसल्यापासून नदीसाठी देशव्यापी कायदा होईपर्यंत बेचाळीस वर्षे लोटली.

कायद्यानेही सारे साधले नाही. मे २०१८ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील एका कारखान्याची मळी बियास नदीत गेली. पाणी काळवंडले, असंख्य मासे मेले. कारखान्यास दंड झाला, तो मासे मेल्यावर. आता १९४८ चीच कल्पना इथेनॉलच्या रूपाने देशभर परतली आहे. मद्यार्काच्या कारखान्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, असा दंडक आहे. तो पाळला जातो की कागदावरच राहतो, यावर पुढचा इतिहास ठरेल.

आम्हां कारकुनांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या खर्चाला लेखाशीर्ष नाही, तो वहीत दिसत नाही. पण कोणाच्या तरी पदरचा जातोच. साखरेच्या हिशेबात तो खालच्या गावच्या पाणवठ्याने भरला.