सरांचा सेट का सरकत होता

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी सर आपला घरी बांधलेला हॅम रेडिओ सेट मांडायचे, हे आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. १४ मेगाहर्ट्झवरचे परदेशी आवाज ऐकायला आपण मधल्या सुट्टीत गर्दी करायचो. त्या सेटचा एक इतिहास मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

त्या काळच्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवायचे काम व्हीएफओतली कॉइल आणि कंडेन्सर करत. व्हॉल्व्ह तापले की हे भागही तापत आणि फ्रिक्वेन्सी सरके. ५ मेगाहर्ट्झच्या व्हीएफओत एका अंशाला कंडेन्सरची एकूण क्षमता दहा हजारांत एका भागाने बदलली, तरी फ्रिक्वेन्सी अडीचशे हर्ट्झने हलते. एवढ्याने एसएसबीवरचे बोलणे बदकासारखे ऐकू येते.

या दुखण्यावर अनेकांनी डोके लढवले. अमेरिकेत जेम्स क्लॅप यांनी १९४८ मध्ये अधिक स्थिर ऑसिलेटरची रचना मांडली. १९७३ मध्ये हॉलंडच्या क्लास स्पारगारेन यांनी क्रिस्टलशी ताडून पाहत व्हीएफओला थोडे थोडे जागेवर ढकलणारे सर्किट दिले. ते ‘हफ अँड पफ’ नावाने गाजले. सरांची युक्ती साधी होती. उष्णतेने कॉइल एका दिशेला जाते, म्हणून उलट दिशेला जाणारे पॉलिस्टायरिन कंडेन्सर ते निवडून लावत.

दहावीत सोल्डरिंग करताना त्यातला एक कंडेन्सर माझ्या हातून वितळला. भीतीपोटी मी गुपचूप बाजारातला साधा सिरॅमिक लावून टाकला. पुढे सरांचे हॅम मित्र तक्रार करू लागले, “मास्तर, तुम्ही सरकताय.” हळूहळू सरांनी सेट लावणेच सोडले.

सर निवृत्त झाल्यावर मी तो सेट मागून आणला. काउंटर लावून दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला; तासाभरात तो दोन किलोहर्ट्झहून अधिक सरकला. मग एकेका भागाजवळ गरम सोल्डरिंग आयर्न धरून पाहिले. माझ्या कंडेन्सरपाशी आकडे पळू लागले. तिथे पुन्हा पॉलिस्टायरिन बसवला, या वेळी चिमट्याने तार धरून. अर्ध्या तासाने सेट शंभर हर्ट्झच्या आत थांबू लागला.

सेट परत देताना सगळे कबूल केले. सर काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आता किती सरकतो?” त्याच संध्याकाळी त्यांनी माइक हातात घेतला.

हे स्मरणिकेत लिहायची परवानगी सरांनीच दिली आहे.