संगमरवराची साक्ष

अथेन्स नगरीच्या अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर एक प्राचीन नाट्यगृह आहे. सुमारें ५,००० प्रेक्षक त्यांत बसूं शकतात. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि १९५५ पासून उन्हाळ्याच्या उत्सवांत तेथें संगीताचे व नाटकांचे प्रयोग होत आले आहेत. लोक त्याला बांधणाऱ्याच्या, म्हणजे हेरोदेस अटिकसच्या, नांवानें ओळखतात. ज्या स्त्रीच्या स्मरणार्थ तें बांधलें गेलें, त्या रेगिलाचें नांव तेथें जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें. ती मरण पावली कशी, हा प्रश्न इ. स. १६० च्या सुमारास रोमच्या न्यायसभेपुढें आला होता. आरोपी होता तिचा पति. आणि चमत्कार असा, कीं त्याच्या चरित्रकारानें पुढें याच नाट्यगृहाकडे बोट दाखवून त्याच्या निर्दोषीपणाची ग्वाही दिली.

हेरोदेसचा जन्म इ. स. १०१ च्या सुमारास मॅरेथॉन येथें झाला. त्याच्या बापाला अथेन्समधील एका घरांत मोठा द्रव्यठेवा सांपडला होता, अशी आख्यायिका आहे. तें कसेंही असो, त्या काळच्या ग्रीस देशांत त्याच्याएवढा धनाढ्य पुरुष क्वचितच असेल. वक्तृत्वकलेंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बादशहा अँटोनायनस पायस यानें आपल्या दत्तक पुत्रांना, म्हणजे मार्कस ऑरेलियस व लूशियस व्हेरस यांना, ग्रीक वक्तृत्व शिकविण्यास त्याचीच योजना केली. इ. स. १४३ मध्यें तो रोमचा कॉन्सल झाला. १८९६ सालीं अर्वाचीन ऑलिंपिक क्रीडांचा पहिला मेळावा ज्या क्रीडांगणावर भरला, तें पूर्वीं पेंटेलिक संगमरवरानें मढविणारा हाच हेरोदेस. कॉरिंथ, डेल्फी, ऑलिंपिया, कोठेंही जावें, तेथें त्याच्या दातृत्वाची खूण दिसावी!

मात्र या दातृत्वाला दुसरीही एक बाजू होती. प्रत्येक नागरिकास दरसाल एक मिना द्यावा, असें त्याच्या बापानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. हेरोदेसनें एकदांच पांच मिना घेऊन हक्क सोडण्यास नागरिकांना राजी केलें. आणि लोक पैसे घेण्यास आले तेव्हां त्यांच्या आईबापांचीं जुनीं कर्जें काढून तीं त्या रकमेंतून वळतीं करून घेतलीं. त्या क्रीडांगणाला सर्व अथेन्सवासीयांचें म्हणतात तें योग्यच आहे, कारण तें सर्वांच्या पैशानें झालें, असें लोक कडवटपणें म्हणत.

रेगिला ही रोममधील एका थोर उमराव घराण्याची कन्या. विवाहसमयीं हेरोदेस चाळिशीच्या आसपास होता, आणि ती, अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें, जेमतेम १४-१५ वर्षांची होती. माहेर समुद्रापलीकडे टाकून ती पतीबरोबर ग्रीस देशीं नांदावयास गेली. तिला मुलें झालीं. त्यांपैकीं एकच मुलगा बापाच्या पश्चात् जिवंत राहिला. ऑलिंपिया येथें ती डिमीटर देवीची पुजारीण झाली. तेथील क्रीडा पाहण्यास विवाहित स्त्रियांना बंदी असे. या पुजारिणीपुरती तेवढी मुभा होती. तेथील जलमंदिर तिनें झ्यूस देवास अर्पण केल्याचा लेख एका संगमरवरी बैलाच्या अंगावर कोरलेला असून, तो बैल आजही ऑलिंपियाच्या संग्रहालयांत आहे. मॅरेथॉन येथील त्यांच्या वतनाच्या प्रवेशद्वारावर, हें चिरंतन सलोख्याचें दार आहे, अशा अर्थाचीं अक्षरें होतीं. एका बाजूनें येणाऱ्यास तीं सांगत, कीं तूं हेरोदेसच्या भूमींत शिरत आहेस. दुसऱ्या बाजूनें येणाऱ्यास सांगत, कीं तूं रेगिलाच्या भूमींत शिरत आहेस. त्या दाराच्या आंत काय चालत असे, हें मात्र कोणी कोरून ठेविलें नाहीं.

आरोप होता तो असा. रेगिला आठ महिन्यांची गरोदर होती. कांहीं क्षुल्लक कारणावरून हेरोदेसनें अल्किमेडोन नांवाच्या आपल्या दास्यमुक्त सेवकास तिला मारण्याची आज्ञा केली. तडाखा पोटावर बसला, अकालीं प्रसूति झाली, आणि त्यांतच तिचा अंत झाला. तिचा भाऊ ब्राडुआ हा स्वतः कॉन्सलपद भूषविलेला उमराव. त्यानें रोममध्यें मेहुण्यावर खुनाची फिर्याद गुदरली.

या खटल्याची हकीकत फिलोस्ट्राटस या ग्रीक लेखकानें दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें ब्राडुआनें भक्कम पुरावा आणला नाहीं. आपल्या कुळाची थोरवी गाण्यांतच वेळ दवडला. उच्च कुळाचें चिन्ह म्हणून त्याच्या पादत्राणावर हस्तिदंती चंद्रकोर होती. तिला उद्देशून, याची कुलीनता याच्या पायाच्या बोटांत आहे, अशी हेरोदेसनें कोपरखळी मारली. म्हणजे एका गरोदर स्त्रीच्या मरणाचा विचार चालला असतां आरोपी विनोद करीत होता, आणि तो विनोद चरित्रकारास कौतुकानें नमूद करण्याजोगा वाटला! अखेर हेरोदेस सुटला. फिलोस्ट्राटसच्या मतें दोन गोष्टी त्याच्या कामीं आल्या: एक, तशी आज्ञा त्यानें दिलीच नव्हती, आणि दुसरी, पत्नीच्या मरणानें त्याला झालेला अपार शोक.

हीं दोन्ही कारणें तपासून पाहण्याजोगीं आहेत. आज्ञा दिली नाहीं, या उत्तरानें फार तर हेरोदेस मोकळा होईल; पण मार बसला किंवा नाहीं, बसला असल्यास कोणाच्या हातून, या प्रश्नांचें उत्तर त्यांत नाहीं. घरच्या धनिणीवर हात उगारण्याचें धैर्य एका सेवकास कोणाच्या बळावर व्हावें, हें विचारल्याचें त्या हकीकतींत कोठेंही दिसत नाहीं. घरांतील एखाद्या दासीची वा सुइणीची जबानी झाल्याचाही उल्लेख नाहीं.

राहिला शोक. हेरोदेसनें घराच्या भिंती काळ्या करविल्या, काळे पडदे लाविले, दुसऱ्या कॉन्सलपदाची संधि लांबणीवर टाकली, रेगिलाचीं वस्त्रें एल्यूसिस येथील मंदिरांत अर्पण केलीं, आणि देवदारी छताचें तें नाट्यगृह उभारलें. खुनी मनुष्य असें करील काय, असा चरित्रकाराचा सवाल आहे. करील, कां करणार नाहीं? निरपराध पतीला दुःख होतें, तसें रागाच्या भरांत घात करून बसलेल्यालाही होतें. पश्चात्तापाचे अश्रू आणि वियोगाचे अश्रू दिसावयास सारखेच. शिवाय संगमरवरानें शोक करणें हें कितीजणांना साधणार? अथेन्समधील एखादा कुंभार याच आरोपाखालीं उभा राहिला असता, तर त्यानें कोणतें नाट्यगृह दाखवावें? तो शोक देखावा आहे, असें म्हणणारे लोक त्या काळींही होते, हें फिलोस्ट्राटसच कबूल करतो. लूशियस नांवाच्या एका विचारवंतानें तर हेरोदेसच्या नोकरांना मुळे धुतांना पाहून, काळ्या घरांत पांढरे मुळे खाऊन हेरोदेस रेगिलाचा अपमान करीत आहे, असें म्हटलें. त्यानंतर तें काळें सामान निघालें, असें म्हणतात.

फिलोस्ट्राटस लिहीत होता तो या घटनेनंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं. तो स्वतः त्याच वक्तृत्वसंप्रदायांतला. आणि ग्रंथ त्यानें ज्या गॉर्डियनास अर्पण केला, तो आपला वंश हेरोदेसशीं जोडणारा. अशा लेखकाला नायकाच्या अंगावरील डाग पुसावासा वाटला, तर नवल नाहीं. त्यानें तो आरोप गाळला नाहीं, एवढें श्रेय मात्र त्यास दिलेंच पाहिजे.

१८१५ सालीं मिलान येथील ग्रंथालयांत सांपडलेलीं रोमन वक्ता फ्रॉन्टो याचीं पत्रें प्रसिद्ध झालीं, आणि आणखी एक धागा हातीं आला. रेगिलाच्या मरणापूर्वीं बऱ्याच वर्षांच्या एका खटल्यांत फ्रॉन्टो हेरोदेसच्या विरुद्ध उभा होता. स्वतंत्र माणसांना निर्दयपणें मारहाण केल्याचा, त्यांना लुबाडल्याचा, इतकेंच नव्हे तर एकाचा जीव घेतल्याचा विषय आपणांस काढावा लागेल, असें तो लिहितो. आणि हें तो लिहितो कोणाला? तरुण मार्कस ऑरेलियसला. कारण खटल्यांत हेरोदेसवर फार कडक टीका करूं नये, अशी गळ त्या राजपुत्रानेंच घातली होती! मार्कस हा नीतिमान् म्हणून जगद्विख्यात आहे, आणि तें यथार्थही आहे. परंतु सज्जनाच्या मैत्रीचें छत्र कोणावर धरलें जाईल, याचा नेम नसतो.

इ. स. १७४ च्या सुमारास हेरोदेस पुन्हां एकदां, या वेळीं अथेन्सवासीयांशीं झालेल्या कलहामुळें, सिर्मियम येथें बादशहा मार्कसपुढें आला. त्याच्याबरोबर त्याच्या परिवारांत होता तोच अल्किमेडोन! त्याच्या दोन जुळ्या मुली तेथें वीज पडून मेल्या. हेरोदेसनें त्या मुलींना लेकींसारखें वाढविलें होतें. दुःखानें बेभान होऊन तो बादशहालाही टाकून बोलला. शिक्षा झाली ती त्याच्या सेवकांना, आणि तीही सौम्य. अल्किमेडोनला मात्र, मुली गेल्या हीच शिक्षा पुरे, म्हणून बादशहानें माफी दिली. रेगिलाच्या मृत्यूनंतर सुमारें चौदा वर्षांनींही तो मनुष्य मालकाच्या मर्जींत होता, हें येथें दिसून येतें. निर्दोष पति, पत्नीला मारल्याचा ज्याच्यावर बोभाटा झाला अशा सेवकास, असा जवळ बाळगील काय, हा प्रश्न कोणासही सुचावा.

हेरोदेसनें गुन्हा केलाच, असा निकाल आज देतां येणार नाहीं. साक्षीदार गेले, कागद गेले. पण तेव्हां साक्षीदार जिवंत होते, आणि तरीही चौकशी घराच्या उंबरठ्यापाशीं अडली, ही गोष्ट त्याच्या कैवाऱ्याच्याच लेखणींतून उतरली आहे. सोन्याची सुरी झाली म्हणून ती उरीं मारून घेऊं नये, असें आपल्याकडे म्हणतात. सुरी सोन्याची असली, कीं जखमेकडे पाहण्याऐवजीं लोक सोन्याचा कस पाहूं लागतात. रोमच्या न्यायसभेंत दोन्ही बाजूंनीं तेंच केलें. भाऊ आपल्या कुळाची थोरवी गात होता, पति आपल्या देणग्यांची आठवण देत होता. आठ महिन्यांची गरोदर रेगिला त्या दिवशीं कशानें मेली, एवढाच प्रश्न त्या सभेपुढें होता, आणि तो आजही अनुत्तरितच राहिला आहे.