आधी तू फाड

माझ्याकडे एक अल्बम आहे. लग्नाच्या फोटोंसाठी असतो तसा, प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा. त्यात खेळाडूंची कार्डं आहेत. सचिन नाही, द्रविड नाही. मोहम्मद अझरुद्दीन आहे, अजय जडेजा आहे, हॅन्सी क्रोनिए, सलीम मलिक, श्रीसंत, हल्क होगन आहेत. घरी आलेल्या पाहुण्याने अल्बम उघडला की प्रश्न ठरलेला असतो, "सगळे बदनामच का जमवलेस रे?"

त्याचं खरं उत्तर मी फार थोड्या लोकांना दिलंय. आज लिहूनच टाकतो.

माझं गाव किन्हवलीजवळ. तालुका शहापूर, पण मुरबाडचा बाजारही आम्हाला लांब नाही. पाचवीला मी शहापूरला मामाकडे राहायला गेलो. मामा रोज आसनगावहून लोकल पकडून मुंबईला नोकरीला जायचा. तानसा, भातसा आमच्या तालुक्यातली धरणं, म्हणजे आमचं पाणी मुंबईला जायचं, आणि मुंबईहून मामाच्या पिशवीतून माझ्यासाठी ट्रम्प कार्डं यायची. मला तेव्हा हा सौदा अगदी फायद्याचा वाटायचा.

मोबाइलवर वाढलेल्यांसाठी खेळ सांगतो. कॅट दोघांत वाटून घ्यायचा. प्रत्येक कार्डावर खेळाडूचा फोटो आणि खाली आकडे: सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल. ज्याची पाळी त्याने वरच्या कार्डावरचा एक आकडा पुकारायचा. "धावा!" ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरचं कार्ड खायचं. कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कॅटमध्ये धावांऐवजी उंची, वजन, छाती, दंड. आमच्या थोरल्या भावंडांचा जमाना वेगळा होता. १९८७च्या रिलायन्स कपच्या आसपास त्यांनी बिग फन चिंगमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं जमवली होती. चिंगम थुंकून टाकलं तरी कार्ड दप्तरात जपून ठेवायचे.

हे चिंगमवाल्यांना सुचलेलं नव्हतं. १८८०च्या दशकात अमेरिकेत सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. कोणीतरी त्यावर चित्रं छापली, आणि गिऱ्हाईक चित्रांसाठी पाकिटं घेऊ लागलं. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढे सिगारेटची जागा गोळ्यांनी घेतली, मग चिंगमने. कार्ड मात्र टिकलं. एखाद्या माणसाचं नाव जोरात असेल त्या वर्षी ते छापायचं, आणि नंतर त्या माणसाचं काय होतं याची कार्डाला खबर नसते.

आता २००० साल. मार्चमध्ये बंगळूरला भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी झाली. आपण डावाने हरलो, पण दुसऱ्या डावात अझरने १०२ काढल्या. समोरच्या संघाचा कर्णधार होता क्रोनिए. महिनाभरात, ७ एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी जाहीर केलं की क्रोनिए आणि एका सट्टेबाजाचं फोनवरचं बोलणं आमच्याकडे टेप केलेलं आहे. चार दिवसांत क्रोनिएचं कर्णधारपद गेलं. सीबीआयची चौकशी झाली, आणि ५ डिसेंबरला भारतीय बोर्डाने अझर आणि अजय शर्मावर आजीवन बंदी घातली, जडेजा आणि मनोज प्रभाकरवर पाच वर्षांची. अझरने आरोप नाकारले. ९९ कसोटी खेळलेला माणूस शंभरावी खेळला नाही.

त्या आठवड्यातली एक मधली सुट्टी मला मिनिटामिनिटाने आठवते.

माझ्या बाकावर बसणारा मित्र मुसलमान होता. त्याच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानात अझरचं पोस्टर. आम्ही दोघं रोज कार्डं खेळायचो. त्या दिवशी मैदानात पोरांचं टोळकं जमलं. अझरची कार्डं फाडायची ठरलं होतं. कोणीतरी माझ्या मित्राकडे बघून म्हणालं, "आधी तू फाड."

त्याच्याकडे त्या दिवशी कॅट नव्हता. माझ्याकडे होता. मी रबरबँड काढला, अझर शोधला आणि त्याच्या हातात दिला. मला कोणी धाक घातला नव्हता. नुसतं "आज आणला नाही" म्हणालो असतो तरी भागलं असतं.

त्याने कार्ड उभं फाडलं, मग आडवं. चार तुकडे. पोरं ओरडली. त्याने तुकडे खाली टाकले नाहीत, चड्डीच्या खिशात घातले. घंटा झाली.

जडेजाचं कार्ड कुणी मागितलं नाही. बंदी त्याच्यावरही होती, बातमी तीच होती, पेपरात नावं शेजारी शेजारी छापली होती. बंदी कमी वर्षांची म्हणून सोडलं म्हणावं, तर आजीवन बंदी असलेल्या अजय शर्माचं नावही कोणी काढलं नाही. जडेजाने १९९६च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध २५ चेंडूंत ४५ काढल्या होत्या, वकारला धुतलं होतं. तो आमच्या मते "फसला" होता. अझर "गद्दार" होता. हे दोन शब्द आम्ही कुठून उचलले हे अकरा वर्षांच्या पोराला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरातून, टपरीवरून, एसटीतून. हवेतच होते.

गंमत बघा, उरलेल्या ज्या कॅटांमध्ये अझर शाबूत होता, त्यात तो पुढेही जिंकत राहिला. आमचा कॅट १९९९च्या वर्ल्ड कपच्या वेळचा. तेव्हा एकदिवसीय सामन्यांत त्याच्याइतक्या धावा जगात कुणाच्या नव्हत्या. शिव्या देणारी पोरंही पाळी आली की त्याच कार्डावर बोट ठेवून "धावा!" म्हणत आणि समोरच्याचं कार्ड खात.

माझा मित्र पुन्हा कार्डं खेळला नाही. महिन्याभराने त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो तर पोस्टरच्या जागी कॅलेंडर होतं. कोणी काढायला सांगितलं होतं असं नाही. पण काढलं होतं.

जानेवारीत पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरली. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. आजोबा बैल बघत होते आणि मी खेळण्यांच्या पालांत. एका पालावर क्रिकेटचे कॅट होते, पाच रुपयांचा दोन रुपयांत. का म्हणून विचारलं तर पालवाला म्हणाला, "अझर आहे ना आत. पोरं घेत नाहीत." मी घेतला. मित्राला अझरचं कार्ड द्यायचं असं मनात होतं. शाळेत नेलं, तीन दिवस दप्तरात ठेवलं, आणि दिलं नाही. काय बोलून देणार? अल्बममधलं पहिलं कार्ड ते.

पुढे नोकरी लागल्यावर मी वाचू लागलो तसं कळलं, की कार्ड आणि बदनामी ही जोडी फार जुनी आहे. अमेरिकेत १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या आठ बेसबॉलपटूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. त्यात 'शूलेस' जो जॅक्सन होता. १९२१मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलच्या आयुक्तांनी त्यांना कायमचं बाहेर काढलं. आज जॅक्सनची बंदीआधीची जुनी कार्डं लाखो डॉलरना विकली जातात.

पीट रोझची गोष्ट तर कार्डावरच घडली. सर्वाधिक ४,२५६ हिट्सचा विक्रम त्याचा. बेसबॉलवर सट्टा लावल्याप्रकरणी १९८९मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. २०१३ साली टॉप्स कंपनीच्या कार्डांच्या मागे, अमुक खेळाडू विक्रमापासून किती दूर आहे हे छापलं होतं. आकडा होता, विक्रम कुणाचा ते नाव नव्हतं. २०२४मध्ये रोझ वारला. मे २०२५मध्ये बेसबॉलने मृत खेळाडूंवरची बंदी उठवली आणि त्यात जॅक्सनही सुटला, मरणानंतर ७० वर्षांहून जास्त काळाने.

आपल्याकडे काय झालं? २००३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जडेजाला पुन्हा खेळायची वाट मोकळी केली. तो टीव्हीवर दिसू लागला, २०२३च्या वर्ल्ड कपला अफगाणिस्तानच्या संघाबरोबर होता. अझरची बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली ती ८ नोव्हेंबर २०१२ला. तोवर तो पन्नाशीला टेकला होता. सलीम मलिकवरची बंदी लाहोरच्या न्यायालयाने २००८मध्ये उठवली. श्रीसंतला २०१३च्या आयपीएलमध्ये अटक झाली, २०१५मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं, तरी बोर्डाची आजीवन बंदी राहिली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये रद्द केली आणि शेवटी सात वर्षांची झाली. क्रोनिएला कुठलाच दुसरा डाव मिळाला नाही. १ जून २००२ला विमान अपघातात गेला, वय ३२.

ही यादी मी कुणाला सोडवायला देत नाही. कोर्टाने बंदी चुकीची म्हणणं आणि माणूस धुतल्या तांदळासारखा असणं या दोन गोष्टी आहेत. पण आरोप कोणी केला, निकाल कोणी दिला, कधी बदलला, हे कार्डाबरोबर असायला हवं असं मला वाटू लागलं. म्हणून मी प्रत्येक कार्डामागे एक चिठ्ठी सरकवतो. होगनच्या चिठ्ठीवर लिहिलंय की २०१५मध्ये काळ्या लोकांबद्दलचं त्याचं वर्णद्वेषी बोलणं बाहेर आलं, डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला काढलं, आणि २०१८मध्ये हॉल ऑफ फेममध्ये परत घेतलं.

एक कार्ड अल्बममध्ये ठेवायला मी धजलो नव्हतो. कुस्तीवाल्या क्रिस बेन्वाचं. २००७मध्ये त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवलं. सट्टा आणि हे एका रांगेत कसं लावायचं? शेवटी चिठ्ठीवर आधी नॅन्सी आणि डॅनियल ही नावं लिहिली, त्याचं कार्ड त्यांच्या मागे घातलं. दिसतं ते आधी नावच.

गेल्या दिवाळीत शहापूरला गेलो. मित्र आता वडिलांचं दुकान चालवतो. धीर करून अल्बम नेला. त्याने काउंटरवर पानं उलटली, अझरपाशी थांबला. चष्मा वर करून आकडे वाचले.

"कसोटी ९८ लिहिलंय."

"कॅट आधीचा आहे. शेवटची नंतर झाली."

"एकशे दोन," तो म्हणाला. विसरला नव्हता.

मग त्याने मागची चिठ्ठी काढली. त्यावर मी सगळं नीट लिहिलं होतं: ५ डिसेंबर २०००, आजीवन बंदी, आरोप नाकारले, ८ नोव्हेंबर २०१२, उच्च न्यायालय. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, "सगळं आहे रे. आपल्या वर्गाचं नाही."

गिऱ्हाईक आलं, तो ब्लाउजचं माप लिहून घ्यायला लागला. मी काउंटरवरचंच पेन घेतलं आणि चिठ्ठीच्या तळाला लिहिलं: 'डिसेंबर २०००, शहापूर. हे कार्ड वर्गातल्या एका मुलाला फाडायला लावलं. कार्ड मी दिलं.'

चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचली, घडी घातली आणि स्वतःच्या हाताने कार्डामागे परत सरकवली. मग चहा सांगितला.