फंड की पेन्शन?

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी गेली, तेव्हा रेल्वे ही खासगी कंपनीची मिळकत होती. मुलकी खात्यांतील नोकराला तहहयात पेन्शन देण्याचा सरकारी रिवाज या कंपन्यांच्या चाकरीत रुजला नाही. तिथे रुजला तो प्रॉव्हिडंट फंड. नोकराने पगारातून दरमहा काही हिस्सा टाकावा, मालकाने त्यात आपली भर घालावी, आणि निवृत्तीच्या दिवशी व्याजासह हिशेब चुकता करून उभयतांनी एकमेकांचा निरोप घ्यावा, असा तो व्यवहार होता. 1925 साली ती पहिली गाडी चालवणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचा कारभार सरकारकडे आला तरी फंड कायम राहिला. त्यामुळे मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून पेन्शनीत निघे, तर त्याच गावचा स्टेशनमास्तर फंड घेऊन घरी जाई.

गिरणी कामगाराला तर फंडदेखील कायद्याने मिळाला तो 1952 साली, आणि तो सुरुवातीस सव्वासहा टक्क्यांचा, म्हणजे रुपयामागे एक आण्याचा. त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. रेल्वे नोकरापुढे मात्र तो 16 नोव्हेंबर 1957 च्या हुकुमाने आला: नव्याने रुजू होणाऱ्यास पेन्शन लागू झाली, आणि आधीपासून नोकरीत असलेल्यांनी फंड ठेवायचा की पेन्शन पत्करायची, हे मुदतीत लेखी कळवायचे होते.

पुष्कळांनी फंडच ठेवला. आज त्यांना अदूरदर्शी ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्या जागी बसून हिशेब मांडला तर त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. फंडाची बाकी कागदावर डोळ्यांना दिसत होती; तिच्यातून मुलीचे लग्न उरकता येई, गावाकडचे गहाण पडलेले शेत सोडवता येई, कल्याणला दोन खोल्या बांधता येत; आणि नोकर निवृत्तीनंतर वर्षभरात वारला तरी ती रोकड वारसांच्या हाती राहत असे. पेन्शन मात्र माणसाच्या हयातीशी बांधलेली होती, आणि त्याच्या पश्चात विधवेला फार तर ठरावीक मुदतीपुरते साहाय्य मिळण्याची सोय होती. ज्या घरात मिळवता एकच, तिथे असा पैसा कोण पत्करील?

पुढे पालटले ते पेन्शनीचे नियम. 1964 पासून व्यापक कुटुंबनिवृत्तिवेतन आले. तिसऱ्या वेतन आयोगानंतर पेन्शनीला महागाईची जोड मिळाली. इकडे फंडाची रक्कम एकदा हातात पडली की तिची वाढ थांबे आणि बाजारभाव मात्र थांबत नसत. नोकरीत असलेल्यांना सरकारने विकल्प पुनःपुन्हा खुला केला, आणि 1 जानेवारी 1986 रोजी सेवेत असलेले फंडधारक, त्यांनी उलट लिहून दिले नसल्यास, पेन्शनीकडे आलेलेच समजले गेले. जे त्याआधीच फंड घेऊन घरी बसले होते, ते मात्र या सवलतीतून वगळले गेले.

1982 सालच्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करणे अमान्य केले, तेव्हा या वृद्धांच्या आशा पालवल्या. परंतु कृष्णकुमार खटल्यात 1990 साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची मागणी फेटाळली: फंडवाले आणि पेन्शनवाले हे दोन भिन्न वर्ग असून, फंड चुकता होताच सरकारचे दायित्व संपते, पेन्शनीचे दायित्व मात्र निवृत्तीच्या दिवशी सुरू होते, असा निवाडा झाला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष असेल. परंतु सही करताना हे दायित्व पुढे वाढत जाणार आहे, हे त्या नोकराला कोणी सांगितले नव्हते, कारण ते सरकारलाही ठाऊक नव्हते. अखेरीस 1 नोव्हेंबर 1997 पासून, किमान 20 वर्षे नोकरी झालेल्या या फंडधारकांना दरमहा 600 रुपयांची सानुग्रह रक्कम मंजूर झाली. ती हक्क म्हणून नव्हे, तर मेहरबानी म्हणून.